दुमडला तरी चिरला नाही: कासुर्डीहून शिरूरला, नायोबियम बघायला

ज्ञानू ट्रॅक्टरवर बसेना, म्हणून आम्ही शिरूरला जायचं ठरवलं. मी सांगते, नात मुक्ता टाइप करते. मला अक्षर येत नाही, त्यामुळं चुका सगळ्या तिच्या.

ज्ञानू माझा लेक, मुक्ताचा बाप. मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीचा दांडा मोडला, ट्रॉली उलटली. तो वाचला, देवाची कृपा. पण तेव्हापासून ट्रॅक्टरला हात लावला नाही. मुक्ता शिरूरजवळच्या पत्र्याच्या कारखान्यात तपासणीला आहे. नव्या पोलादाची ट्रॉली घ्या म्हणून ती मागं लागलेली. हा म्हणे, "पातळ हाय. पातळावर कोण भरवसा ठेवतं?"

कासुर्डीहून वडापच्या जीपनं चौफुला, तिथून शिरूरची एसटी. पंचाहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट माफ, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. उसाच्या दिवसांत लवकर निघा, नाहीतर ट्रॉल्यांच्या मागं रांगत जाल. चौफुल्याला तमाशाचे बोर्ड आले तरी ज्ञानूनं मान वर केली नाही, तेव्हा कळलं, दुखणं खोल आहे. पुढं भीमा ओलांडली. न्हावऱ्यात भजी खाल्ली. कढईतली मागा, ताटातली गार असतात.

कारखान्यात मुक्तानं नमुन्याला ठेवलेला करडा, चकाकणारा खडा माझ्या हातावर ठेवला. भलताच जड.

"आज्जी, ह्यात नायोबियम नावाचा धातू आन् लोखंड हाय. ब्राझीलहून येतं. खनिज दळतात, पाण्यात औषध घालून फेस काढतात. फेसाबरोबर कामाचा माल वर येतो. मग तो भाजून, ॲल्युमिनियम घालून भट्टीत हा खडा करतात."

"गुऱ्हाळात आपण फेस फेकतो, आन् त्यांचा माल फेसातच?"

"व्हय."

भाव विचारला. याचा लिलाव मार्केट यार्डात होत नाही. घेणारे-देणारे आपसांत करार करतात. तोही खड्याच्या वजनाला नाही, आत नायोबियम किती त्याला.

"म्हंजी डेअरीवानी, फॅटवर!" मी म्हणाले. मुक्ता हसली.

मोठ्या कारखान्यात वितळल्या पोलादात टनाला हे मूठभर पडतं. त्यानं आतला कण बारीक होतो, मग पातळ पत्राही ओझं पेलतो. आमची माणसं मेंढरांमागं फिरायची. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावली की ती अशीच वाऱ्यापावसाला पुरते.

"खळ हाताला तरी लागती, आये," ज्ञानू म्हणाला. "हे मोडल्यावरच कळायचं."

मुक्तानं त्याच पोलादाच्या पत्र्याची पट्टी दाबयंत्रात घातली आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडेपर्यंत वाकवली. वाकल्या जागी चीर नाही. ती पट्टी बापाच्या हातात दिली.

"दादा, घरी न्या. मला खोटं ठरवून दाखवा."

घरी आल्यावर संध्याकाळभर अंगणात घण चालला.

"बास की रं, शेळ्या आटतील!" मी ओरडले. त्यानं ऐकलं नाही. शेवटी पट्टी चपटी झाली, चिरली मात्र नाही. त्यानं ती धोतरानं पुसली, पोरीचं तोंड पुसावं तशी.

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली.

"म्हातारीला झोपू देशील का न्हाई?"

"शिरूरला चाललोय, आये. नव्या ट्रॉलीचं सांगून येतो."

ट्रॅक्टरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीशेजारी त्यानं ती पट्टी बांधली होती. तिकडं ब्राझीलात ज्या कुणी फेस काढला असेल, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, असं म्हणून मी चूल पेटवली.