पॉलिसीतून वगळलेली बाई

माझ्या दवाखान्याच्या इमारतीचा विमा होता, एक्स-रे मशीनचा होता, दारातल्या स्कूटरचासुद्धा होता. माझ्या चुकांचा तेवढा नव्हता. वडवणीत एवढी वर्षं दवाखाना चालवताना कुणी विषय काढलाच, तर मी फिस्कारायचे, "मी काय चुकायला बसलेय का इथं?" आता माझ्याकडं तो विमा आहे. त्यात एकच बाई वगळलेली आहे, कारण तिच्याबद्दल मी फॉर्ममध्ये खरं लिहिलं. विमा घ्यावासा वाटला तो तिच्यामुळंच.

भादव्यातला बाजाराचा दिवस होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं एक जोडपं आलं. दोघंही पंचविशीच्या आतबाहेरची, दरसाल ऊसतोडीला जाणारी. पहाटेपासून बाईचं पोट दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या. मी पोट दाबून पाहिलं आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. नवरा भीतभीत म्हणाला, "म्याडम, डोळे लई जड झालेत म्हनती." मी म्हणाले, "पहाटेपासून जागी आहे, मग काय होणार? घरी ने, निवांत झोपू दे."

आमच्याकडं माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. मण्यार साप झोपेतच चावतो. मुंगी चावल्यासारखं वाटतं, खूणही दिसत नाही. मग पहाटे पोट दुखतं आणि हळूहळू पापण्या मिटायला लागतात. हे मला तोंडपाठ आहे हो! तिला फक्त "वर बघ" म्हणायचं होतं, पापण्या उचलत नाहीत हे तिथंच दिसलं असतं. पण बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानं माझं ऐकलं, तिला झोपू दिलं. दुपारी बाईची आई उमापूरहून नातीला भेटायला आली. तिनं हलवून बघितलं, तर लेक उठेना. तेवढ्यात नवरा रानातून परतला. दोघांनी तिला रिक्षात घालून आणली तेव्हा श्वास अडखळत होता. आणि मी सगळ्या बाजारकऱ्यांदेखत त्याच्यावर ओरडले, "एवढा वेळ काय करत होतास? मरायला टेकल्यावर आणलीस होय?" ही माझी जुनी खोड. उशिरा आणलेल्या पेशंटच्या माणसांना झापल्याशिवाय माझा हात चालत नाही. हिला सकाळी मीच घरी पाठवलंय, हे तिच्या घशात नळी घालताना माझ्या लक्षात आलं. तोवर तिची आई जावयाकडं बघत उभी होती.

बीडच्या वाटेवर, अँब्युलन्समध्येच ती गेली. तिकडच्या डॉक्टरांनी मण्यारच सांगितलं. "तुमीच झोपू द्या म्हनल्या व्हत्या," असं त्यानं मला सुनवायला हवं होतं. तो एक शब्द बोलला नाही. आमच्या भागात डॉक्टरला उलट बोलत नाहीत, आणि आजवर मी त्याचा फायदाच घेत आले.

बीडचे माझे एक सीनियर म्हणाले, "केस नाही ना झाली? सुटलीस! आता गपगुमान विमा काढ." त्यांनीच एजंट पाठवला. तो दोन कंपन्यांचे कागद घेऊन आला. एकीत वकील कंपनी देणार, दुसरीत आपला आपण निवडायचा. मी लुगडी निवडावीत तसे ते कागद उलटेपालटे करत होते. शेवटी दुसरी घ्यायची ठरवलं. तिच्या फॉर्मवर एक रकाना होता : पुढं तक्रार होऊ शकेल अशी एखादी घटना आपल्या माहितीत आहे का?

"नाही लिहा," एजंट म्हणाला. "कुणी बोललंय का काही? मग कशाला उगीच! हो लिहिलंत, तर ती बाई पॉलिसीतून वगळतील." मग त्यानं एका अटीवर बोट ठेवलं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय डॉक्टरनं कुणापुढंही चूक कबूल करायची नाही.

"सॉरीसुद्धा नाही?"

"सॉरी तर मुळीच नाही, मॅडम."

"ही अट नसलेली पॉलिसी दाखवा."

तो हसला. "अशी कुणी काढलीच नाही अजून."

फॉर्म दोन दिवस टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नवरा आला. दसरा उलटला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. मला वाटलं, आला भांडायला. आणि खरं सांगते, बरंच वाटलं. पण तो दाराशीच उभा राहिला.

"म्याडम, औंदा जोडी न्हाई, एकलाच चाललो. जायच्या आदी एक इचारायचं व्हतं. त्या दिवशी ती झोपली आन् म्या वैरणीला गेल्तो. तवाच साप चावला आसंल नव्हं? म्या घरी आसतो तर दिसला आसता. सासू पोरीला घेऊन गेली, भेटू देत न्हाई. म्हनती, तू माझ्या लेकीला एकली टाकून गेलास."

एवढे दिवस हा माणूस हे उरावर घेऊन फिरत होता. माझं ओझं!

मी त्याला बसवलं. म्हणाले, "साप रात्रीच चावला होता. तू तिला सकाळी आणलीस तेव्हा विष अंगात होतं. डोळे जड झालेत, हे तू मला सांगितलंस. मी ऐकलं नाही. तेव्हाच सापाची लस दिली असती, तर ती बहुतेक वाचली असती. चूक माझी आहे. तुला झापलं, तीही माझीच."

तो चिडला नाही. मी वाट बघत होते, पण चिडला नाही. खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "सासूला सांगता का येवढं?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून सासू म्हणाली, "बाई, तुमी त्याला सगळ्यांम्होरं बोलल्या, म्हून म्या त्याला दारात हुबा केला न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमचं कसं खोटं धरावं?" मग म्हणाली, "द्या त्याला फोन."

"हाव मामी, हाव," म्हणत तो बाहेर गेला आणि बाकड्यापाशी खाली बसून मोठ्यानं रडायला लागला. पेशंट गोळा झाले. कुणीतरी विचारलं, "कावून रडतोस रे? काय झालं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "म्या येळेवर आनली व्हती."