तणसावरच्या पोरी

थंडीत नव्या पोरींना जंगलात न्यायची अन् परत आणायची, हे माझं काम. पोरी पुढं नोकरीवर पांगल्या. किस्से मात्र माझ्याच घरी येऊन बसले, हलायचं नाव नाही!

ग्रामसेविकांचं ट्रेनिंग तेव्हा नवंच निघालं होतं. पौषात तीन दिवस सालेकशाच्या जंगलात शिबिर. मी स्वयंपाकीण, पण वाट दाखवायला मीच पुढं, माहेर तिथलंच. निघताना ट्रेनिंगच्या मोठ्या बाई दम द्यायच्या, "गावातून एक शिकायत आली की शिबिर बंद!" शिबिर बंद म्हणजे माझं माहेर बंद. एरवी सासरचे कुठं सोडतात? म्हणून मी डोळे वटारूनच असायची.

*

एक पोरगी तीन दिवसांसाठी लोखंडी ट्रंक घेऊन आली. आत हातभर आरसा! स्टेशनावर उतरून विचारते, "काकी, कुली कुठं भेटेल?"

"ट्रंक खोल अन् आरशात पाह्य. कुली दिसेल!"

*

झोपायला धानाचं तणस अंथरलं. गोंदियाच्या शेठाची पोरगी फणकारली, "मैं घास पे सोऊँ? गाय हूँ क्या?"

सकाळी पाहतो तर सगळ्यांचं तणस हिनंच ओढलेलं, नुसती वेणी बाहेर. अन् एक बैल आरामात तिचं पांघरूण खाऊन राहिला! ही आतून ओरडते, "काकी, इसको बोलो ना, मेरा बिस्तर है!"

*

एकदा धुक्यात कोणीतरी किंचाळली, "अस्वल!" पोरींनी थाळ्या बडवल्या. अस्वल वळलं. काळ्या घोंगडीतून शिबिराच्या बाईंचं तोंड निघालं. "हळू बडवा गं, थाळ्या सरकारी आहेत!"

*

अन् हा एक. जंगलाच्या तोंडाशी देवाचा, गोट्यांचा ढीग आहे. येणारा-जाणारा तिथं एक गोटा ठेवतो. उचलत कोणी नाही.

मी पाण्याला गेले, तेवढ्यात नव्या पोरींनी त्यातलेच तीन गोटे आणून चूल मांडली! परत येते तर भात रटरटून राहिला, अन् समोर गावचा पुजारी बुढा.

"कोणं आणले?"

पोरी रडायला लागल्या. गेलं माहेर, म्हटलं.

"मी आणले, काकाजी."

"तू? याच गावची लेक असून?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोरींकडं पाहिलं अन् बसला. "मंग पहिला भात देवाचा. दुसरा माझा. वाढ."

सावकाश जेवला. हात धुतले. "शिकायत तं आहेच."

पोरींनी माझा पदर धरला.

"मीठ कमी हाय."

पुढच्या पौषात गेलो. ढिगाशेजारी मागच्या चुलीचे तीन काळे गोटे आधीच मांडून ठेवलेले. मधोमध पळसाच्या पानाची पुडी. उघडली.

मीठ!