माठासारखा धरलेला चेंडू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते हर्सूलच्या कुंभारबाबांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण त्या पदवीची वाट त्यांच्या मडकी वाळवायच्या पटांगणातून गेली.

आमच्या फुटबॉल क्लबचं पहिलं मैदान तेच. एका बाजूला भट्टी, कडेनं वाळत घातलेली मडकी, मध्ये आम्ही. बाबांची अट एकच होती: ज्याच्यामुळं मडकं फुटेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी चिखल तुडवायचा. मी गोलकीपर. चेंडू धरायची भीती वाटायची, म्हणून मी तो मुठीनं ठोसायचो, आणि तो नेमका मडक्यांत जायचा. क्लबमध्ये सगळ्यात जास्त चिखल मीच तुडवला.

पहिल्या स्पर्धेचा सामना आमच्याच मैदानावर ठरला. शहरातल्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक बघायला येणार होते. खेळाडू पसंत पडला तर फी माफ. नाहीतर बारावीनंतर माझं शिक्षण संपलंच होतं.

आणि नेमकं चार दिवस आभाळ आलं. उन्हाळ्याचे माठ वाळेनात. सामन्याच्या दिवशी दुपारी सगळं पटांगण ओलसर माठांनी भरलेलं!

"बाबा, आता?"

"आता काय? उचला. काठाला धरू नका, वाकडा व्हतो. बुडाखाली तळवे घाला अन् छातीशी घ्या."

"अन् फुटला तर?" मी विचारलं.

"तुला रं काय नवीन? चिखल हायेच की!"

सगळे खिदळले. तेवढ्यात शहरातला संघ टेम्पोतून उतरला. बाबांनी त्यांनाही सोडलं नाही.

"चचा, हम तो खेलने आए!"

"तो पहले मैदान खाली करो, बेटा!"

दोन्ही संघांनी मिळून माठ भट्टीकडं नेले. एकही फुटला नाही.

सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी मुठी आवळून उभा राहिलो. भट्टीजवळून बाबा गरजले, "ठोसू नको! माठ हाय समज, माठ!"

चेंडू सुसाट आला. माझ्या मुठी आपोआप उघडल्या. तळवे खाली गेले, आणि चेंडू छातीशी आला तो तिथंच राहिला. शिट्टी वाजली. बरोबरीच, पण आम्ही जिंकल्यासारखे नाचलो! मी धावत बाबांकडं गेलो, त्यांना मिठी मारली आणि पायानं एक माठ फोडला. मागून आलेले क्रीडाशिक्षक हसत हसत माझं नाव लिहून घेत होते.

आता बाबांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून परवा पत्र पाठवलं:

"ती. बाबांना साष्टांग नमस्कार. नातीकडून वाचून घ्या. मी पदवीधर झालो. निकाल हातात आला तेव्हा सगळ्यात आधी तुमची आरोळी आठवली. त्या दिवशी मिठीच्या गडबडीत फोडलेल्या माठाचा चिखल मी अजून तुडवलेला नाही. तुम्ही विसरला असाल, मी नाही. रविवारी सकाळी येतो. माती भिजवून ठेवा."