माळेचा दोरा

झेंडूचा वास आला की मला नंदुरबारचं ते वेल्डिंगचं दुकान आठवतं. त्या दसऱ्याला शेठने नवं ग्राइंडर आणलं आणि पूजेला माझ्यानंतर कामाला लागलेल्या कारागिराच्या हाती दिलं. ‘नवं मशीन त्यानाच हातमा शोभस,’ शेठ सगळ्यांदेखत म्हणाला. आठ वर्षं त्या दुकानाची गेटं मी घासली होती. माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मशीनवरची सुकलेली माळ ओढून काढली, पण दोऱ्याचं एक टोक चकतीपाशी लोंबत राहिलं. मला ते स्पष्ट दिसलं, तरी मी मान वळवून शटरच्या पट्ट्या उगाच पुसत बसलो. त्याने बटण दाबताच दोरा चकतीला गुंडाळला गेला, मशीन हिसका मारून उसळलं आणि त्याचं मनगट कापत गेलं. रक्त गळत असतानाही तो माझ्यावरच ओरडला, ‘दूर सरक भाऊ, तुले लागी जाई!’ आता माझं स्वतःचं दुकान आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आधी प्लग काढतो आणि प्रत्येक मशीनवरचा दोरा स्वतः कात्रीने कापतो. माझ्या कारागिरांना वाटतं, शेठ फार देवभोळे आहेत.