एका खोलीतल्या दोन बैठका

कॉलेजात एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीसाठी मुलाखती होत्या. त्या सकाळी आईने पुढे केलेला उंडो, आमचा गोल पाव, तसाच ठेवून मी मुळगावहून म्हापशाची बस धरली. म्हापशाला माझी मैत्रीण स्कूटर घेऊन उभी होती. ती पेडण्याची. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसून एकमेकींचे प्रोग्राम तपासले होते आणि माझ्यापेक्षा तीच हुशार, हे दोघींनाही ठाऊक होतं. वाटेत हेल्मेटच्या आतून ओरडून ती मला प्रश्न विचारत होती. येत असलेली उत्तरंही मला आठवत नव्हती.

लेखी चाचणीतून दोघीही पुढे गेलो. मग वेगवेगळ्या खोल्यांत मुलाखती. माझ्यासमोर बाह्या दुमडलेले एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "दिवसभरातल्या बैठकांच्या वेळा दिल्या, तर कमीत कमी किती खोल्या लागतील? प्रोग्राम लिहून दाखवा."

मी समोरच्या कॉम्प्युटरवर लिहिला. त्यांनी तो वाचला, मान डोलावली. "छान. तुम्हाला काही विचारायचं आहे?"

तेवढ्यात मला दिसलं. एक बैठक अकराला संपली आणि दुसरी अकरालाच सुरू झाली, तर एक खोली पुरते. माझा प्रोग्राम दोन मागत होता.

"सर, माझं उत्तर चुकलंय," मी म्हटलं.

"कुठे?"

मी दाखवलं. ते स्क्रीनकडे वाकले. "दुरुस्त करा." मी तुलनेची एक खूण बदलली. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी टिपलं आणि मला जायला सांगितलं.

व्हरांड्यात मैत्रीण जनेलातून बाहेर बघत उभी होती. तिची मुलाखत हसतखेळत झाली होती. माझी हकिगत ऐकून ती म्हणाली, "त्यांना चूक दिसली नव्हती ना? मग सांगितलीस कित्याक?"

दुपारभर मी व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. कँटीनमध्ये बसले की उठावंसं वाटे, उठले की पाय दुखत. का बोलले, आणि बोलले ते बरं की वाईट, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी कॉलेजच्या सरांनी निवड झालेल्यांची नावं सांगितली. माझं होतं, तिचं नव्हतं. सगळ्यांच्या आधी तिनेच मला मिठी मारली. मग तोंड धुऊन येते म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही. दोन्ही हेल्मेटं हातात धरून मी पार्किंगमध्ये उभी राहिले.

मग तिने मला स्कूटरवरून म्हापशाला आणलं. बसस्टँडवर तिने विचारलं, "घरी फोन केलो?"

"ना."

"कर आता. माझ्याकडे बघून कित्याक थांबतंस?"

मी केला. आईने आधी कुठे जावं लागणार ते विचारलं, "खंय वचचें पडटलें?" बेंगळूर म्हटल्यावर ती "बरें जालें" म्हणाली.

काही महिन्यांनी मैत्रिणीला पणजीत एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. चतुर्थीला मी गावी आले, तेव्हा ती भेटायला आली. बोलता बोलता सहज म्हणाली, "माझ्या उत्तरातपण चूक होती. तिथे बसल्या बसल्याच दिसली मला. पण मुलाखत इतकी छान चालली होती, म्हटलं, जाऊ दे."

"त्यामुळेच तुझं राहिलं असं नसेल गो," मी म्हटलं.

"नसेल," ती म्हणाली आणि बेंगळूरला घरभाडं किती, ते विचारू लागली.

कंपनीने कोणाला का निवडलं, हे कधी कळलं नाही. मला घेतलं ते त्या कबुलीमुळे की कबुली देऊनही, ते मी विचारणार कोणाला? मुलाखत घेणारे ते गृहस्थ, मी रुजू व्हायच्या आधीच दुसरीकडे गेले होते. आजही काम सोपवताना मी ते पुन्हा उघडते, पुन्हा तपासते, आणि पाठवून झाल्यावरही मला खुर्चीत बसवत नाही.