‘पुट अप’चा अर्थ

संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होतो. नोकरीला लागलो तो राज्यांच्या पुनर्रचनेच्या धामधुमीत. राजधानी भोपाळला ठरली होती आणि ग्वाल्हेरच्या आमच्या दफ्तरातून तिकडे कोण जाणार, इथे कोण राहणार, याच्या याद्या बनत होत्या. बाबाही त्याच दफ्तरात दुसऱ्या शाखेत कारकून. दरबारच्या अमदानीत त्यांचं आयुष्य हिंदी-उर्दू कागदांत गेलेलं, इंग्रजी सहीपुरतं. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीचा घरात भारी रुबाब होता.

परप्रांतातून नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “व्हेअर आर यू पुटिंग अप?” मला वाटलं, फायली कुठे ठेवतोस म्हणताहेत. मी म्हणालो, “ऑन युअर टेबल, सर.” ते विचारत होते, राहतोस कुठे. सगळी खोली हसली. साहेब हसले नाहीत. “मॅट्रिक पास आहात ना?” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी कुणालाच काही विचारेनासा झालो. बाड्यावरच्या बाजारातून एक जुना शब्दकोश आणला. त्यात या दोन टीचभर शब्दांनी अर्धा रकाना अडवलेला: उभारणे, टांगणे, मुक्काम करणे, सादर करणे... डोकं उठलं.

यादीत बाबांचं नाव भोपाळकडे निघालं. आई तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेली. बाबांनी अर्जी दिली: नोकरीची तीनच वर्षं उरलीत, ग्वाल्हेरलाच ठेवावं. ती साहेबांकडून माझ्या टेबलावर आली. समासात शेरा होता, “पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.”

कोश उघडला. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, निमूट सहन करणे. मी हबकलो. आधीचा हुकूम निघालाय तो सोसा, असाच अर्थ मी लावला. हेडक्लार्क महिन्यापूर्वीच भोपाळला गेले होते. शेजारच्या बाबूला विचारावं तर पुन्हा हसणार. मी अर्जी फायलीला लावून टाकली.

घरी बाबांनी विचारलं, “काय लिहिलं साहेबांनी?”

“सोसा म्हणतात.”

“असं लिहिलंय? कागदावर?”

“हो.”

“दरबारात नामंजूर लिहायचे,” बाबा म्हणाले. “सोसा असं कोणी लिहिलं नाही कधी.” मग उठून त्यांनी पत्र्याची पेटी पुसायला घेतली.

बारा दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. “ती भोपाळची अर्जी माझ्यासमोर का आली नाही? आधीचे कागद जोडून आणा, असं लिहिलं होतं मी. त्यांना इथेच ठेवणार होतो. यादी काल गेली.”

कोशातला अर्थ मी सांगितला.

“कोश बघून दफ्तर चालतं का?”

“मग कुणाला विचारायचं होतं, सर?” माझा आवाज चढला. “विचारलं की हसतात, आणि तुम्ही मॅट्रिक काढता!”

साहेबांनी कागद ओढून स्वतः भोपाळला पत्र लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं: यादी कायम झाली आहे, बदल होणार नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं खरं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. बाबा म्हणाले, “म्हणजे साहेबांनी नामंजूर नव्हतं केलं तर. माणूस वाईट नाही.” त्यांना बरं वाटलं होतं! मला मात्र कोश भिंतीवर आपटावासा वाटला. चूक माझी, हसणाऱ्यांची, की त्या परक्या शब्दांची, हे ठरवत मी चडफडत बसलो.

बाबा भोपाळला गेले. तीन वर्षं तिथे एका खोलीत हातानं स्वयंपाक करून राहिले. इकडे ग्वाल्हेरच्या घरी आईचं सगळं मी बघायचो. धाप लागली की ती बाबांना हाक मारायची, आणि मग ते इथे नाहीत हे आठवून गप्प व्हायची. ते का गेले, हे तिला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.