कॅनरीचं रोजचं रेकॉर्डिंग

कतारमध्ये, दोह्यात मी ज्या साहेबांची गाडी चालवतो, ते पुण्याचे. जुलैत त्यांचं सगळं घर सुट्टीला गेलं, तेव्हा वहिनींनी द पर्ल बेटावरच्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातावर ठेवली. झाडांना पाणी आणि कॅनरीला दाणा, एवढंच काम. पण सातवीत शाळा सोडलेल्या माणसावर अख्खं घर कोण टाकतं? त्यांनी टाकलं.

कॅनरी म्हणजे मुठीत मावेल एवढा पिवळा पक्षी. त्याचे रानातले भाऊबंद लांब अटलांटिक समुद्रातल्या मोजक्या बेटांवरच सापडतात, हे मला साहेबांच्या मुलीनं सांगितलं होतं. अर्धं इंग्रजीत, पण समजलं. असा जीव माझ्या हातून गेला तर? पहिल्या दिवसापासून तीच धास्ती.

रोज त्याचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून वहिनींना पाठवायचं ठरलं होतं. दहा-बारा दिवस बरे गेले. मग तो एकदम गप्प झाला. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडलेली. मी एसी कमी केला, वाढवला, काकडी लावली. ढिम्म. शेवटी नको ते केलं. जुनीच रेकॉर्डिंग पाठवायला लागलो.

चौथ्या दिवशी फोन आला.

"भाऊ, आज मंगळवार ना?"

"हो वहिनी."

"मग रेकॉर्डिंगमध्ये मागे मशिदीत शुक्रवारचं प्रवचन कसं चालू आहे?"

 मी सगळं सांगून टाकलं. "पिसं झडतायत, वहिनी. माझं काय चुकलं कळत नाही. किल्ली कुणाकडे देऊ?"

"अहो, दर उन्हाळ्यात पिसं बदलतो तो! तेव्हा गात नाही. मीच सांगायला विसरले. उकडलेलं अंडं द्या थोडं." मग आवाज बदलला. "पण जुनं पाठवलंत, ते नाही आवडलं मला. गप्प असेल तर गप्प पाठवा."

मागून मुलगी ओरडली, "काका, दॅट्स चीटिंग!"

"खलास, बेटा, बस्स झालं. परत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अर्धं मिनिट रेकॉर्ड केलं. एसीची घरघर, मधेच दाणा फोडल्याचा बारीक आवाज. खाली लिहिलं, अंडं खाल्लं.

वहिनींनी लगेच विचारलं, किती?

चांगलं खाल्लं, असं आधी लिहिलं, पण पाठवलं नाही. ते पुसलं आणि लिहिलं, नखाएवढं.